नामगुंगसरांचा बिनआवाजी ट्रेनर

खोटं बोलत असेन तर माझे उरलेसुरले दात आत्ताच्या आत्ता या बार्लीच्या चहात पडोत! यातला शब्द न् शब्द खरा आहे. बोकडाचासुद्धा. चुनचन शहरातल्या आमच्या इमारतीत कुणालाही विचारा. फक्त नामगुंगसरांना विचारू नका, ते मधल्याच मजल्यावर लिफ्टमधून उतरतील आणि जिन्यानं जातील. हल्ली ते तसंच करतात.

नामगुंगसर म्हणजे शाळेतले निवृत्त उपमुख्याध्यापक. नोकरी संपली, पण 'उप' काही सुटला नाही. अजूनही कुणी चुकून 'नामगुंगभाऊ' म्हटलं की ते मागे वळून बघतात, हा भाऊ कोण म्हणून. निवृत्तीनंतर त्यांनी सायकल घेतली, तिच्यासोबत अंगाला चिकटणारे पिवळेजर्द कपडे घेतले आणि तळ्याकाठच्या रस्त्यावर रोज अर्धा तास ते स्वतःला जगज्जेते समजू लागले. कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते ऑक्टोबरात, बारा तारखेला, खिंडीच्या चढावर.

त्या दिवशी व्याह्यांनी बोलावलं होतं. सरांची मुलगी हेरिन ज्या घरात दिली ते घर. आता आमच्याकडे व्याह्यांसमोर माणूस शिंकतो तोसुद्धा बेतानं. वाकून नमस्कार, दुसऱ्यांदा वाढायला आले की 'नको नको', सगळं मोजूनमापून. सर या सगळ्यात तयार. पण चढावर अर्ध्यात त्यांचं तोंड उघडं पडलेलं, पाय शिशाचे झालेले, आणि मागून किणकिण घंटी वाजली. शिम बोक-ही. खुद्द विहीणबाई. त्रेसष्ट वर्षांची बाई, डोक्यावर उन्हाची टोपी, सायकलला पुढे बाजाराची टोपली!

"दमानं या हं, व्याहीबुवा!" शेजारून जाता जाता त्या गोड आवाजात म्हणाल्या. "वर संत्री सोलून ठेवते!"

ठेवली होती. सोलून, शिरा काढून. सरांना ती गिळवेनात.

घरी येताच त्यांनी दाराच्या कुलपाचा नंबर बदलला आणि त्या दिवसाची तारीख लावली. म्हणजे घरात शिरताना रोज अपमान ताजा राहील.

"अहो, हेरिनचं लग्न झालंय त्यांच्या मुलाशी," बायको म्हणाली. आमच्याकडे बायकोला पोरांच्या नावानं हाक मारतात, म्हणून ती हेरिनची आई. "तुमची काही शर्यत नाही लागलेली."

"प्रश्न शर्यतीचा नाही, हेरिनच्या आई. प्रश्न घराण्याचा आहे."

"मग घराण्याला सांगा, जरा पोट कमी करा."

एप्रिलात पुन्हा त्याच खिंडीत जायचं ठरलं होतं. म्हणजे हातात हिवाळा. पण चुनचनचा हिवाळा म्हणजे तळं गोठतं, पापण्या गोठतात, नाकातलं सुद्धा जागच्या जागी गोठतं. सर एकदा बाहेर पडले, पुलावर घसरले आणि सायकल काखेत घेऊन बसनं घरी आले. तेव्हा ठरलं: घरात ट्रेनर आणायचा. सायकल जागच्या जागी उभी करायची आणि हिवाळाभर दिवाणखान्यात डोंगर चढायचे. तेही गुपचूप. आमच्याकडे थंडीत घरातली फरशी खालून तापवतात, म्हणून विहीणबाईंना फोनवर त्यांनी ठासून सांगितलं, "मी? छे हो! गरम फरशीवर लोळतोय. आराम करतोय नुसता." म्हणजे एप्रिलात काही न करता, सहज, लोळता लोळता जिंकल्यासारखं दिसावं.

आता यात अडचण एकच होती, पण ती हत्तीएवढी होती. सर आमच्या इमारतीच्या आवाज समितीचे अध्यक्ष.

ही समितीच मुळात त्यांनी हट्टानं काढलेली. त्यांच्या डोक्यावर नवव्या मजल्यावर ब्योनआजी राहते. जन्म शेतात गेलेला, आता मुलासुनेकडे आलीय. ती लसूण खलबत्त्यात कुटायची, तो खाली सरांच्या कपाळात कुटला जायचा. मग सरांनी नियम केले. घरात जाड लोकरी चपला घालाव्यात. खुर्चीच्या पायांना टेनिसचे चेंडू लावावेत. लसूण दुपारच्या आत कुटावा. आणि जो नियम मोडेल त्यानं स्वतः मॅनेजरच्या खोलीत जाऊन लाउडस्पीकरवरून सगळ्या इमारतीची माफी मागावी. आमच्याकडे प्रत्येक घरात दारावर तो सरकारी वाटणारा स्पीकर असतो. तो बंद करायचं बटणच नाही.

पहिली माफी ब्योनआजीलाच मागावी लागली. "मी लसूण कुटला. चुकलं," असं म्हणून ती थांबली आणि मग म्हणाली, "पण सून विकतचा कुटलेला आणते त्याला वास येत नाही, ते कुणी बघतं का?" सगळ्या इमारतीनं तिला लसूण नेऊन दिला. सरांना कुणी काही दिलं नाही.

तर अशा माणसाला घरात सायकल चालवायची होती, आणि ती बोटभर आवाज न करता.

ते दुकानात गेले. दुकानदार जेगल हा अंगापिंडानं सडपातळ आणि जिभेनं तिखट. "सर, तीन जाती आहेत," तो म्हणाला. "ही पहिली, मागचा टायर या रुळावर घासतो. स्वस्त आणि मस्त. ऐका." त्यानं पायडल मारलं. असा काही घोंगाट उठला की दुकानातलं मांजर टेबलावरून उडालं ते थेट रस्त्यापलीकडच्या नूडल्सवाल्याकडे.

"पुढची," सर म्हणाले.

"ही दुसरी. नुसते तीन रूळ. सायकल वर मोकळीच ठेवायची आणि चालवायची. आवाज कमी, पण तोल लागतो."

"तोल?" सर हसले. "मी पस्तीस वर्षं शाळा सांभाळलीय. मुख्याध्यापक वर, पालक खाली."

"आणि तिसरी," जेगल म्हणाला, "मागचं चाक काढायचं आणि चेन थेट मशीनला जोडायची. एकदम मुकी. पण वजन—"

पण सर तोल शब्दावर अडकले होते. त्यांनी रूळ घेतले.

रूळ घरी आले तो दिवस नेमका हिवाळ्याचं किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचा होता. बाल्कनीत मिठातले कोबी निथळत होते आणि मधोमध हे एवढं मोठं लाल टोपलं: मिरची, मुळा, लसूण, खारवलेली कोळंबी, सगळं कालवलेलं. हेरिनची आई गुलाबी रबरी हातमोजे घालून बसलेली. "जरा कोबी उचलू लागा," ती म्हणाली. सर म्हणाले, "पाचच मिनिटं, तोल बघतो," आणि बाल्कनीच्या दाराशी रूळ मांडून ते चढले.

तोल होता. खरंच होता. सुरुवातीला सायकल कशी हंसासारखी! सरांना एवढा आनंद झाला की बायको बघतेय का हे बघायला त्यांनी मान वळवली. जिकडे मान तिकडे चाक. रुळावरून सायकल सुटली आणि सर सीटवरून उडून, पिवळ्या चड्डीसकट, थेट त्या लाल टोपल्यात बसले. कमरेपर्यंत.

"एकदम उठू नका!" बायको ओरडली. "सांडेल!"

सर तसेच बसून राहिले. मिरची तिचं काम करत होती. बायकोनं हातमोज्यानं त्यांच्या अंगावरचं निपटून निपटून टोपल्यात परत टाकलं आणि मग त्यांना उठायची परवानगी दिली. वरचा थर आपण फेकून दिला असं हेरिनची आई सांगते. मी काही म्हणत नाही. त्यातलाच एक डबा रिवाजाप्रमाणे व्याह्यांकडे गेला आणि विहीणबाईंचा फोन आला, "यंदा काय चव उतरलीय हो! काहीतरी जास्तीचं पडलंय नक्की!"

रूळ परत गेले. "सर," जेगल नाक जवळ नेत म्हणाला, "याला खारवलेल्या कोळंबीचा वास येतोय."

"तिसरी दाखव," सर म्हणाले.

पण घेण्याआधी एकदा खात्री करावी म्हणून ते मॅनेजरच्या खोलीत गेले. मेंग मॅनेजर गरम फरशीवर पाय शेकत बसला होता. "माझा एक मित्र आहे," सर म्हणाले. "त्याला घरात सायकल चालवायचीय. चालेल का?"

मेंगनं इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "सर, मित्राला म्हणावं, खुशाल चालव. फक्त आवाज समितीच्या अध्यक्षाला कळू देऊ नकोस. फार खवट माणूस असतो तो बहुतेक ठिकाणी." मग त्याच्या लक्षात आलं आपण कुणाशी बोलतोय, आणि त्यानं पाय फरशीवरून उचलून घेतले.

तिसरा ट्रेनर आला. मुकाच होता, पण वजनाला एखाद्या चांगल्या खात्यापित्या नातवाएवढा. लिफ्टपासून दारापर्यंत नेता नेता सर तीनदा खाली बसले. तरी मनात धाकधूक, फरशीतून हादरा खाली गेला तर? म्हणून त्यांनी खाली रबराची चटई टाकली. वर लहान मुलांच्या खेळायच्या जाड गाद्या. वर टेनिसचे चेंडू चिरून. वर हेरिनच्या लग्नातल्या दोन रजया. त्यावर ट्रेनर, त्यावर सायकल आणि त्यावर सर. एवढे उंच झाले की डोकं छतावरच्या दिव्याला लागायला लागलं. म्हणून घरात हेल्मेट.

मग बुटांचं रामायण. पायडलला तळव्याखाली खटकन अडकणारे बूट असतात ना, ते सर पायात घालून दिवाणखान्यात निघाले, तोच हेरिनची आई आडवी आली.

"बूट? घरात?"

"अगं नवीन आहेत! रस्ता बघितलेला नाही यांनी!"

"बूट तो बूट. रस्ता आज नाही बघितला, उद्या बघेल. माझ्या फरशीला नाही लागायचा."

तासभर वाद झाला. रस्ता न बघितलेला बूट हा बूट आहे की मोठा मोजा, यावर सरांनी शाळेत दिलं नसेल एवढं मोठं भाषण दिलं. शेवटी तह झाला: सरांनी नुसत्या मोज्यांत, शिडी लावून वर चढायचं. मग हेरिनच्या आईनं बूट ट्रेमध्ये आणून वरच्या वर पायांत घालायचे. आणि उतरायच्या आधी वरच्या वर काढायचे. बूट आकाशात राहतील, फरशीला लागणार नाहीत.

झालं सगळं. सर कानांत मोठे गोल हेडफोन घालायचे, समोर टीव्हीवर डोंगर लावायचे आणि चढायचे. खाली घरघर नाही, दणदण नाही. सरांच्या आयुष्यात एवढं निर्दोष काम दुसरं झालं नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात दारावरचा स्पीकर खरखरला. "रहिवासी बंधुभगिनींनो," मेंग म्हणाला, "इमारतीत कुणीतरी जनावर आणलेलं दिसतंय. सकाळ-दुपार ते विव्हळतं. ज्यांचं असेल त्यांनी कृपया त्याला आपल्या गावी न्यावं."

सर नुकतेच सायकलवरून उतरून घाम पुसत होते. "ऐकलंस?" ते बायकोला म्हणाले. "काय रानटी लोक राहतात बघ आपल्यात!"

अध्यक्ष म्हणून तपास त्यांच्याकडेच. अकराव्या मजल्यावरचे म्हणाले, न्हाणीघराच्या झरोक्यातून आवाज येतो. पाचव्या मजल्यावरचे म्हणाले, भिंतीतून येतो. कुणी म्हणालं गाय विताना करते तसा, कुणी म्हणालं भोंगा अडकलेल्या जहाजासारखा. सर भिंतींना कान लावून फिरले. आवाज नाही! ते कान लावून उभे असले की आवाज हमखास बंद. "जनावर हुशार आहे," त्यांनी मेंगला सांगितलं. "माझी चाहूल लागते त्याला."

आणि मग त्यांना सुचलं. ब्योनआजी! थंडीत ताकदीसाठी काळ्या बोकडाचा काढा पितात लोक. ही शेतातली बाई. विकतचा लसूण जिला चालत नाही, ती विकतचा काढा काय पिईल? तिनं नक्की जिवंत बोकड न्हाणीघरात बांधलाय!

सर मेंगला घेऊन वर गेले. ब्योनआजीनं दार उघडलं. सरांनी न्हाणीघर बघितलं, कपाटं बघितली, कपडे धुवायच्या मशीनमध्ये डोकं घातलं.

"काय हरवलंय, सर?" आजीनं विचारलं.

"बोकड."

आजीनं मशीनचं झाकण लावलं. "अहो उपमुख्याध्यापक, मी बोकड ठेवला असता तर तुमच्या आधी त्याला चहा विचारला असता."

सर खाली आले ते धुमसत. दुसऱ्या दिवशी दुपारी रागात त्यांनी सगळ्यांत उंच डोंगर लावला.

त्याच दुपारी हेरिनच्या आईनं त्यांना बूट चढवले आणि खालून सांगितलं, "अहो, विहीणबाई येतायत, किमचीचा डबा परत करायला. मी मटण आणते पटकन. तुम्ही उतरून जरा नीट कपडे घाला. थांबा, बूट काढू का?" हेडफोन घातलेल्या सरांनी मान डोलावली आणि हातानं 'जा' असं केलं. ती गेली.

तिकडे मेंग आवाज मोजायचं यंत्र घेऊन मजले पालथे घालत होता. सोबत ब्योनआजी, कारण आता तिला तो बोकड प्रत्यक्ष बघायचाच होता. आठव्या मजल्यावर अध्यक्षांना सोबत घ्यावं म्हणून दोघं सरांच्या दाराशी थांबली, आणि आतूनच आला तो आवाज. लांब, खोल, पोटातून निघालेला, आणि शेवटी उसासा.

"बोकड नाही हा," ब्योनआजी कुजबुजली. "बैल आहे. चिखलात बसलाय बिचारा, उठवत नाहीये."

"अध्यक्षांच्या घरी बैल?" मेंग घाबरला आणि त्यानं दारावर थापा मारायला सुरुवात केली. "सर! आत जे काय आहे ते मोकळं आहे की बांधलेलं?"

आणि लिफ्टचं दार उघडलं. विहीणबाई. हातात किमचीचा डबा, रिकामा कसा परत करायचा म्हणून सुक्या पर्सिमन फळांनी गच्च भरलेला. त्यांनी दाराची घंटी दाबली.

आत सरांना दाराच्या घंटीचा दिवा लुकलुकताना दिसला. त्यांनी हेडफोन काढले. दणादण थापा. त्यात एक आवाज गोड आणि ओळखीचा: "व्याहीबुवा? सगळं ठीक ना?"

सरांनी पायडल थांबवलं. उतरावं तर कसं? खाली हेरिनच्या आईची फरशी. पायात बूट. बूट पायडलला अडकलेले, पाय रजयांच्या डोंगरावर, शिडी भिंतीला. वाकून बूट काढायला जावं तर पोट आडवं. शेवटी त्या माणसानं डोळे मिटले आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "कुलूप! एक! शून्य! एक! दोन!"

बाहेर मेंग बटणं दाबत होता तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "अगंबाई! ही तर आपण खिंडीत गेलो होतो ती तारीख!"

तिघांनी दारात चपला काढल्या, ओळीनं नीट लावल्या, आणि आत आले. वर, छताशी, हेल्मेट घातलेले, पिवळे, घामानं निथळणारे नामगुंगसर. विहीणबाई सवयीनं कमरेत वाकल्या. सरही सवयीनं सायकलवरूनच वाकले. हेल्मेट दिव्यावर आपटलं आणि दिवा सगळ्यांच्या तोंडावरून हेलकावे खात राहिला.

"व्याहीबुवा," विहीणबाईंनी विचारलं, "काय करताय?"

"आराम," सर म्हणाले.

मेंगनं कर्तव्य म्हणून यंत्र ट्रेनरजवळ धरलं. "सर, हाताने फिरवतो हं... अहो, याचा आवाजच नाही! काहीच नाही!"

सरांच्या चेहऱ्यावर जरा रक्त आलं. "बघा! म्हणून तर हा निवडला! तीन जातींतून!"

"मग तो आवाज कसला?"

"सर," ब्योनआजी मऊपणे म्हणाली, "जरा पायडल मारता?"

सरांनी मारलं. कानात हेडफोन नव्हते. एक फेरी, दोन फेऱ्या, टीव्हीवरचा चढ लागला, आणि तो आला. पोटातून, छातीतून, घशातून. हूऽऽऽम्म. आणि शेवटी उसासा.

सगळे सरांकडे बघत होते. सरही इकडेतिकडे बघत होते, कोण ओरडलं म्हणून. मग त्यांना कळलं. एवढं मुकं यंत्र, चटया, गाद्या, चेंडू, लग्नातल्या रजया, आणि त्या सगळ्याच्या वर बसलेला एकच आवाज करणारा प्राणी.

नियम त्यांचाच होता. ब्योनआजीनं वरच्या वर बूट काढून दिले, थोड्याच वेळात मॅनेजरच्या खोलीत माइकसमोर ते उभे राहिले आणि माझ्या घरच्या स्पीकरमधून मी स्वतः ऐकलं: "मी, आवाज समितीचा अध्यक्ष. इमारतीत बोकड नाही. बैल नाही. तो... मी होतो. क्षमस्व." हेरिनच्या आईनं ते लिफ्टमध्ये ऐकलं, मटणाची पिशवी हातात. तिनं आधी फरशी बघितली. बूट लागले नव्हते. मग ती रडायला लागली का हसायला, ते ती सांगत नाही. विहीणबाईंनी ते सरांच्याच दिवाणखान्यात, सरांच्याच स्पीकरखाली बसून ऐकलं, किमचीसोबत भात खात. किमची त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या दाराला एक पिशवी लटकत होती. आत काळ्या बोकडाचा काढा. वर ब्योनआजीचा निरोप, मेंगच्या हस्ते तोंडी: "घ्या म्हणावं. गरज दिसते."

समिती सुटली, पण सायकल नाही सुटली. आता लपवायचं काही राहिलंच नव्हतं, म्हणून ते हिवाळाभर कण्हत राहिले, आणि लोक त्यावर घड्याळं लावायला लागले. बर्फ वितळलं, चेरी फुलली, एप्रिल आला. खिंड. तोच चढ. विहीणबाई टोपलीवाल्या सायकलवर पुढे. आणि शेवटच्या वळणावर काय सांगू! नामगुंगसर सीटवरून उठले, दात आवळले, एक चकार शब्द न काढता सुसाट विहीणबाईंच्या शेजारून गेले, जाता जाता घंटी वाजवली, आणि माथ्यावर पहिले पोचले!

...

बरं, बरं. चहात काय बघताय? एक दात हलतोय माझा.

एवढं एकच मी पदरचं घातलं. बाकी सगळं खरं. काय करू, त्या माणसानं किमचीत बसण्यापासून सगळं सोसलं, म्हटलं एवढं तरी द्यावं. खरं म्हणाल तर विहीणबाई माथ्यावर बसून संत्रं सोलत होत्या. आणि खालच्या वळणावरून नामगुंगसर आधी ऐकू आले, आणि मग बऱ्याच, बऱ्याच वेळानं दिसले.